त्याचा डावा पाय

एका क्लबात अंडर-१३ च्या मुलांना फुटबॉल शिकवत होतो, तेव्हाची सामन्यांच्या नोंदींची एक वही अजून माझ्याकडे आहे. तिच्या एका पानावर वरच्या बाजूला ‘७-०’ असं लिहिलंय. खाली आमच्या नऊ नंबरच्या, म्हणजे मुख्य स्ट्रायकरच्या, नावापुढे पाच उभ्या रेघा. पाच गोल. आणि समासात, पेन्सिलीनं, माझ्याच अक्षरात: ‘डावा पाय?’

त्या प्रश्नचिन्हाचं मी पुढे काहीच केलं नाही.

पाच वर्षांनी क्लबनं त्या मुलाला सोडलं. ड्रेसिंग रूमच्या भाषेत, नारळ दिला. तो तेव्हा अठरा वर्षांचा होता आणि नवव्या वर्षापासून आमच्याकडे होता. त्या दिवशी टेबलाच्या क्लबकडच्या बाजूला मी बसलो होतो. एवढ्या चांगल्या मुलाचं असं का झालं, हे त्यानंतर मला कितीतरी जणांनी विचारलं. बहुतेकांकडे उत्तर तयारच असायचं: डोक्यात हवा गेली असेल, मोबाइल, मैत्रिणी, आई-वडिलांचं दडपण. मी ॲकॅडमीत, म्हणजे क्लबच्या मुलांना घडवणाऱ्या विभागात, बारा वर्षं काढली आहेत. स्वतःच्या हातानं वाया गेलेली मुलं पाहिली नाहीत असं नाही. सरावाला दांडी मारणारी होती, रात्र रात्र जागणारी होती. पण ती मूठभर. बाकीची मुलं वेळेवर येत होती, सांगितलेलं ऐकत होती आणि तरीही मागे पडत होती. त्यांच्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, असं म्हणतात. ॲकॅडमी फुटबॉलचं जेवढं नुकसान या समजुतीनं केलंय, तेवढं दुसऱ्या कशानं केलं नसेल.

तेराव्या वर्षी नऊ नंबर माझ्या खांद्याला लागला होता. मिसरूड फुटलेली, आवाज बदललेला. त्याच्यासमोर उभा राहणारा डिफेंडर बहुतेक वेळा शर्टाच्या बाह्या कोपराखाली लोंबणारा एखादा पोरसवदा मुलगा असायचा. आमचा खेळ सोपा होता. मागून लांब बॉल मारायचा, नऊ नंबर पळायचा, त्याला कुणी गाठू शकायचं नाही, उजव्या पायानं गोल. कधी डिफेंडर आडवा आलाच तर खांदा लावायचा, तो पडायचा. आम्ही टाळ्या वाजवायचो. मीही वाजवायचो.

मुलगे सगळ्यात झपाट्यानं उंच होतात ते साधारण तेराव्या-चौदाव्या वर्षी. पण कुणाचं ते वर्ष बारावं असतं, कुणाचं सोळावं. त्यामुळे एकाच वयोगटात, एकाच रंगाच्या शर्टात उभ्या असलेल्या दोन मुलांच्या शरीरांत चार-पाच वर्षांचं अंतर असू शकतं. त्यात भर जन्मतारखेची. बहुतेक देशांत वयोगट १ जानेवारीला बदलतो. जानेवारीत जन्मलेला मुलगा डिसेंबरमध्ये जन्मलेल्यापेक्षा जवळजवळ वर्षानं मोठा, पण कागदावर दोघं एकाच वयाचे. नऊ वर्षांच्या मुलासाठी एक वर्ष म्हणजे आयुष्याचा नववा हिस्सा. एकदा सहज आमच्या संघाच्या यादीतल्या जन्मतारखा वाचत गेलो. जानेवारी, फेब्रुवारी, जानेवारी, मार्च, जानेवारी. खाली कुठेतरी डिसेंबरचा एकच, तोही गोलकीपर. यादी आम्हीच निवडली होती आणि प्रत्येक मुलाच्या नावापुढे आम्ही ‘गुणवान’ असं लिहिलं होतं.

इंग्लंडमध्ये वयोगटाचं वर्ष १ सप्टेंबरला सुरू होतं. हॅरी केनचा जन्म २८ जुलै १९९३ चा, म्हणजे आपल्या वयोगटातल्या अगदी लहान मुलांपैकी तो एक. आठ-नऊ वर्षांचा असताना आर्सेनलनं त्याला सोडून दिलं. पुढे टॉटेनहॅमकडून लेटन ओरिएंट, मिलवॉल, नॉर्विच, लेस्टर असा लोनवर, म्हणजे दुसऱ्या क्लबांकडे उसना, फिरत फिरत तो इंग्लंडचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू झाला. जेमी वार्डीला शेफील्ड वेन्सडेनं पंधरा-सोळाव्या वर्षी लहानखुरा म्हणून काढलं. ग्रीझमनला उंचीवरून फ्रान्समधल्या क्लबांनी नाकारलं, म्हणून तो चौदाव्या वर्षी स्पेनमध्ये रेआल सोसिएदादकडे गेला. लुका मॉड्रिच क्रोएशियातल्या हायदुक स्प्लिट क्लबला नाजूक वाटला होता. ही नावं मी सोडल्या जाणाऱ्या मुलांना सांगायचो. आता सांगत नाही. सोडल्यानंतरही पोचलेल्यांचीच नावं आपल्याला माहीत असतात. बाकीच्यांची सांगायला कुणाकडे असणार? आणि ज्या पंधरा वर्षांच्या मुलाला आत्ताच काढलंय, त्याला ग्रीझमनचं उदाहरण देणं हे माझ्या मनाच्या समाधानासाठी असतं, त्याच्या नाही.

आमच्याही संघात असा एक होता. सहा नंबर. मैदानावर मधोमध उभा राहायचा आणि बॉल यायच्या आधी दोनदा खांद्यावरून मागे बघायचा. कुणी शिकवलं नव्हतं. इतका लहान होता की त्याला ढकललं की तो पडायचा, म्हणून तो कुणी ढकलायच्या आत पास देऊन मोकळा व्हायचा. चौदाव्या वर्षी त्याची उंची वाढायला लागली आणि गुडघे दुखायला लागले. गुडघ्याच्या खाली, नडगीच्या वरच्या टोकाला एक दुखरा उंचवटा. या वयात हाडं भराभर वाढतात आणि मांडीचा स्नायू त्या कोवळ्या जागेवर ओढ देत राहतो, त्यातून हे होतं. डॉक्टर त्याला ऑसगुड-श्लॅटर म्हणतात. कुणाची टाच दुखते, कुणाचा गुडघा. त्यातच पाय अचानक लांब झाल्यामुळे मुलं अडखळायला लागतात, काल सहज अडवलेला बॉल आज दोन हात लांब उडतो. वर्ष-दीड वर्षात हे सगळं स्थिरावतं. पण आमची वार्षिक बैठक त्या वर्षभरातच होती. त्याच्या नावापुढे कुणीतरी लिहिलं, ‘प्रगती थांबली’. प्रगती कसली थांबली होती, पोरगं वाढत होतं! मी त्या बैठकीत एकदा बोललो, दुसऱ्यांदा बोललो नाही. सहा नंबर गेला. नऊ नंबर राहिला.

राहिलेल्याचं काय होतं, याचा विचार सहसा कुणी करत नाही.

सोळाव्या वर्षापर्यंत बाकीची मुलं उंचीला आली. वेगही आला. एका सामन्याचा प्रसंग अजून डोळ्यांसमोर आहे, अंडर-१७ चा. पेनल्टी बॉक्सच्या डाव्या कोपऱ्यात त्याच्याकडे बॉल आला. डाव्या पायानं सरळ मारला असता तर गोलच होता, कीपर दुसऱ्या खांबाकडे होता. त्यानं बॉल थांबवला, अंगाखालून उजव्या पायावर घेतला. त्यासाठी जेमतेम अर्धा सेकंद लागला. तेवढ्यात डिफेंडरचा पाय मध्ये आला. दहा मिनिटांनी पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर तो डिफेंडर आधीच उजव्या बाजूला जाऊन उभा होता, कारण आता त्याला कळलं होतं. नऊ नंबरनं खांदा लावला. या वेळी समोरचा पडला नाही. नऊ नंबरच्या चेहऱ्यावर मी जे पाहिलं, तो राग नव्हता. वर्षानुवर्षं उघडणारं दार आज उघडत नाही आणि का उघडत नाही हेच समजत नाही, असा तो चेहरा होता.

तेराव्या वर्षी जो नुसत्या पळण्यावर जिंकतो, त्याला मागे वळून बघायची गरज पडत नाही. अरुंद जागेत बॉल घ्यायची गरज पडत नाही. दुसऱ्या पायाची तर नाहीच. सहा नंबर रोज अडचणीत सापडायचा, म्हणून रोज काहीतरी शिकायचा. नऊ नंबरला चार वर्षं अडचणच आली नाही, आणि ती येणार नाही अशी व्यवस्था आम्ही केली होती. लांब बॉल मारायला मीच सांगत होतो. का, तर शनिवारी जिंकायचं होतं. अंडर-१३ ची ती ट्रॉफी क्लबच्या जिन्यात काचेच्या कपाटात आहे. त्या निकालांच्या जोरावर मला वरच्या वयोगटाची जबाबदारी मिळाली. मुलगा खेळातून मागे पडत होता आणि मी पुढे जात होतो.

नेदरलँड्समधल्या आयाक्स क्लबच्या ॲकॅडमीत मुलांना जोखायचे चार निकष प्रसिद्ध आहेत: तंत्र, समज, व्यक्तिमत्त्व आणि वेग. आम्ही वेग पाहिला आणि उरलेले तिन्ही त्यात असतीलच असं धरून चाललो.

तरीही, हे सगळं जमलेला मुलगासुद्धा अठराव्या वर्षी अडकतो. इथे घोडं पेंड खातं ते वेगळ्याच कारणानं. अकरा जागा, त्यातली गोलकीपरची एकच. सीनियर संघाच्या कोचची नोकरी पुढच्या चार-पाच सामन्यांवर टांगलेली असते. त्याच्यासमोर दोन नावं आहेत: एक तिशीतला, शंभरेक सामने खेळलेला, आणि एक अठराचा, उद्या चुका करणारा. त्या चुकांची किंमत कोच आज मोजणार आणि तीन वर्षांनी त्याचं फळ मिळेल ते बहुधा त्याच्या जागी आलेल्याला. त्याच्या जागी मी असतो तर मीही तिशीतलाच निवडला असता, हे कबूल करायला हवं. म्हणून ‘गुण असतील तर वर येईलच’ असं कुणी म्हणालं की मला बोलावंसं वाटतं. वर यायला वर जागा रिकामी व्हावी लागते.

चेल्सीचं उदाहरण घ्या. त्यांची ॲकॅडमी वर्षानुवर्षं युवा स्पर्धा जिंकत होती आणि मुलं लोनवर देशोदेशी फिरत होती. २०१९ च्या उन्हाळ्यात फिफाच्या बंदीमुळे क्लबला नवे खेळाडू नोंदवता येईनात. आणि नवा कोच होता फ्रँक लॅम्पार्ड, ज्यानं आदल्याच मोसमात मेसन माउंट आणि फिकायो टोमोरीला डर्बी काउंटी क्लबात लोनवर खेळवलं होतं. त्या वर्षी माउंट, टोमोरी, टॅमी अब्राहम, रीस जेम्स सगळे सीनियर संघात आले. २९ मे २०२१ ला पोर्तोमध्ये चॅम्पियन्स लीगची फायनल झाली, त्यात माउंट आणि जेम्स पहिल्या मिनिटापासून मैदानात होते. चेल्सीच्या हावर्ट्झनं केलेल्या एकमेव गोलचा पास माउंटचा. सहा वर्षांचा असल्यापासून माउंट त्या क्लबमध्ये होता. बंदी आली नसती तर? मला हा प्रश्न खरंच छळतो. बंदीमुळे त्याच्या पायात गुण आले नव्हते. त्याच्यापुढची रांग तेवढी थांबली होती. त्याच्या आधीच्या बॅचेसमध्ये असे किती होते, ज्यांच्या वेळी रांग थांबलीच नाही?

काही मुलं हे ओळखून स्वतःच निघतात. जेडन सँचो २०१७ मध्ये सतराव्या वर्षी मँचेस्टर सिटीच्या सीनियर संघाकडून एकही सामना न खेळता जर्मनीतल्या डॉर्टमुंड क्लबात गेला. तिथे त्याला खेळायला मिळालं. धाडस लागतं त्याला, आणि घरात कुणीतरी शांत डोक्याचं माणूस लागतं.

लोनबद्दल थोडं. बाहेरून लोन म्हणजे संधी वाटते, आणि योग्य जागी ती असतेही. केनला तिनं घडवलं. पण मी पाहिलेल्या अनेक लोनमध्ये मुलगा बेंचवर बसूनच परत आला. ज्या क्लबला खेळाडू उसना दिलाय त्याच्या कोचलाही शनिवारचाच सामना जिंकायचा असतो, आणि दुसऱ्याचं मूल घडवण्यात त्याला काय मिळणार? मूळ क्लबमधून कुणी फोन करत नाही. नवीन गाव, एकट्याची खोली, ओळखीचं कुणी नाही. २०२२ पासून फिफानं आंतरराष्ट्रीय लोनवर मर्यादा घातली, २०२४ पर्यंत ती सहा खेळाडूंवर आणली; पण एकवीस वर्षांपर्यंतची, क्लबनं स्वतः घडवलेली मुलं त्या मोजणीत धरली जात नाहीत. म्हणजे ज्यांच्याबद्दल मी लिहितोय, तीच बाहेर राहिली.

आणि ॲकॅडमीतच ठेवलं तर वीस वर्षांचा मुलगा वीस वर्षांच्या मुलांशीच खेळत राहतो. गवत छान, पास छान, हरलं तरी कुणाची नोकरी जात नाही. मोठ्यांच्या फुटबॉलमध्ये समोरचा सेंटर बॅक घर चालवण्यासाठी खेळत असतो. पहिल्या पाच मिनिटांत कोपर बसतं. स्पेनमध्ये क्लबांचे ‘ब’ संघ खालच्या श्रेणीत मोठ्या माणसांशी खेळतात, त्याचा मला हेवा वाटतो. आमच्या नऊ नंबरला ते कोपर सतराव्या वर्षी बसलं असतं, तर कदाचित तो डावा पाय शोधायला लागला असता.

आता त्या दिवसाबद्दल. मला ते लिहायला जड जातंय, पण लिहितो.

क्लबकडून आम्ही तिघं होतो, समोर तो आणि त्याची आई. ॲकॅडमीच्या प्रमुखांनी कागद पुढे केला. ‘या टप्प्यावर करार देऊ शकत नाही’, ‘तुझ्या पुढच्या वाटचालीला शुभेच्छा’. अकरा मिनिटं लागली, समोर भिंतीवर घड्याळ होतं म्हणून माहीत आहे. आईनं एकच विचारलं, “सर, दोन वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर याची बारावी तरी नीट झाली असती ना?” कुणी उत्तर दिलं नाही. मी टेबलाकडे बघत होतो. तो उठला, दारापर्यंत गेला आणि मागे वळून मला म्हणाला, “सर, बूट परत द्यायचेत का?”

बूट क्लबचे होते. मी “नको रे, राहू दे” म्हणालो. त्या दिवशी मी त्याच्याशी बोललेलं हे एकमेव वाक्य.

संध्याकाळी संघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून त्याचं नाव काढलं गेलं. नऊ वर्षं ज्या मुलाला आम्ही खा, झोप, पळ, थांब सगळं सांगत होतो, त्याच्याशी क्लबचा संबंध त्या एका ओळीनं संपला. पुढच्या आठवड्यात त्याला कुणीही फोन केला नाही. मीसुद्धा नाही. काय बोलावं ते सुचत नव्हतं, हे खरं आहे. पण हे कारण होऊ शकत नाही. नवव्या वर्षापासून ‘तू काय करतोस’ या प्रश्नाला ज्याच्याकडे एकच उत्तर होतं, त्याला एका सकाळी ते उत्तर देता येईनासं होतं. घरचे, शेजारचे, वर्गातले, सगळे विचारत असतात. अशा वेळी मुलाला वाऱ्यावर सोडणं हा गुन्हा आहे, आणि तो मी केला.

फोन मी केला तो मागच्या महिन्यात, इतक्या वर्षांनी. तो आता एका गोदामात सुपरवायझर आहे, सुट्टीच्या दिवशी मित्रांबरोबर खेळतो. आवाज ओळखल्यावर आधी बराच वेळ गप्प राहिला. मग इकडचं तिकडचं झालं. मी वहीचं सांगितलं, पेन्सिलीनं लिहिलेलं. तो म्हणाला, “सर, मग मला का नाही सांगितलंत? मला वाटायचं मी सगळं बरोबर करतोय.”

मी माफी मागितली. तो “जाऊ द्या सर” म्हणाला. ते मनापासून होतं की सवयीनं, कळलं नाही.

मी अजून शिकवतो, वेगळ्या ठिकाणी, पुन्हा तेराच्या वयोगटाला. आमच्याकडे ट्रायलला आता शर्टांचे नंबर वयाप्रमाणे लावतो: सगळ्यात मोठ्याला एक, सगळ्यात लहानाला शेवटचा. ही कल्पना माझी नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की स्काउटांना, म्हणजे गुणी मुलं हेरणाऱ्यांना, मुलांच्या जन्मतारखांचा नुसता कागद दिला तर निवडीतला झुकाव कमी होत नाही, पण शर्टावरचा नंबरच वय सांगत असला की होतो. पहिल्या दिवशी मलाच धक्का बसला. डोळे सारखे एक, दोन, तीनकडेच जात होते. काही सराव आम्ही वयाऐवजी वाढीप्रमाणे गट पाडून घेतो, म्हणजे लहानखुऱ्यांना श्वास घेता येतो आणि थोराडांना आपल्यासारखेच थोराड भेटतात. आणि कुणाला सोडायची वेळ आली, तर पहिल्या आठवड्यात दोन फोन आणि महिन्यानं घरी भेट, हे मी स्वतः करतो.

यंदा माझ्याकडे एक मुलगा आहे. उंच, मिसरूड फुटलेली, वाऱ्यासारखा पळणारा. सरावात त्याच्या उजव्या पायाचा गोल धरायचा नाही असा नियम केलाय, आणि संघाला लांब बॉल बंद. तीन सामने ओळीनं हरलो. परवा बॉक्समध्ये त्याच्याकडे बॉल आला, उजवीकडे घ्यायला भरपूर वेळ होता, त्यानं डाव्यानं मारला. बॉल कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी गेला. पोरं हसली, तो लाल झाला. सामन्यानंतर वडील कुंपणापाशी आले आणि म्हणाले, “सर, हा प्रयोग किती दिवस? पोराचा आत्मविश्वास जातोय.” मी वही काढून त्यांना ते जुनं पान दाखवलं, कुणाचं ते न सांगता. त्यांनी वाचलं, काही बोलले नाहीत, मुलाची बॅग उचलली आणि निघाले.

शनिवारी सामना आहे. अंडर-१५ च्या कोचशी बोललोय. मुलाचं नाव त्यांच्या यादीत लिहिलंय, सुरुवातीच्या अकरात, डाव्या बाजूला.